एका दिवसाचा पाहुणा

आपण मराठी माणसं गावाला जात नाही, गाव 'करतो'. "मे महिन्यात सिमला-मनाली केलं", "दिवाळीत केरळ केलं", "पंधरा दिवसांत युरोप केला". जसं मुंज करतात, वास्तुशांत करतात, तसं आपण युरोप करतो. एकदा उरकलं की परत त्या वाटेला जायला नको.

क्रूझने तर हे काम फारच सोपं करून ठेवलंय. रात्री जेवून झोपायचं, सकाळी पडदा बाजूला सारायचा, की समोर नवं गाव हजर! बॅग भरायची नाही, स्टेशन शोधायचं नाही. आठ तासांत गाव करायचं, संध्याकाळी बोटीवर यायचं, आंघोळ, जेवण, झोप. उद्या पडदा सारला की पुढचं गाव.

यावर आमच्या घरात कायम दोन तट असतात. एक तट म्हणतो, हे काय फिरणं झालं? एका दिवसात शहर कळतं होय? निदान आठवडाभर राहा, तिथल्या बाजारात भाजी घ्या, चार माणसांशी बोला. दुसरा तट म्हणतो, कळून करायचंय काय? बघितल्याशी मतलब. फोटो आले, डोळे निवले, बास.

मला दोघांचंही पुरतं पटत नाही. पहिल्या तटाला सुट्टी, पैसा आणि गुडघे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी उपलब्ध आहेत असं गृहीत धरायची सवय आहे. माझी आई ७६ वर्षांची आहे. तिला रोज नवं हॉटेल, रोज नवा जिना, रोज बॅग उचलणं झेपत नाही. बोट मात्र झेपते. लिफ्ट आहे, आपली खोली आपलीच राहते, दमलं की परत येऊन पडता येतं. क्रूझ नसती तर आईने एड्रियाटिक समुद्र पाहिलाच नसता. म्हणून क्रूझला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण दुसऱ्या तटाला एक प्रश्न सुचतच नाही. आपण एक दिवस जातो तेव्हा आपल्याला काय मिळतं याचा हिशोब आपण मांडतो. त्या गावाला काय मिळतं, याचा कोण मांडणार?

हा प्रश्न मला दुब्रोवनिकमध्ये पडला, आणि त्याचं उत्तरही, माझ्या मते, त्याच गावाने साडेसहाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. म्हणून हा लेखप्रपंच.

*

दुब्रोवनिक म्हणजे क्रोएशियाच्या दक्षिण टोकाचं समुद्रकाठचं तटबंदीचं शहर. जुन्या गावाभोवती सुमारे १९४० मीटर लांबीची, काही ठिकाणी २५ मीटर उंच, अखंड भिंत आहे. पूर्वी याचं नाव रागुसा. १३५८ पासून १८०८ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षं, हे एवढंसं गाव एक प्रजासत्ताक म्हणून टिकून होतं. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला तुर्कांचं अफाट साम्राज्य, आणि मध्ये हे व्यापारी लोक सगळ्यांशी गोड बोलून जहाजं हाकत राहिले. तुर्की सुलतानाला वर्षाला १२,५०० सोन्याची नाणी खंडणी भरत. गंमत म्हणजे त्यांच्या लोव्रियेनात्स किल्ल्याच्या दारावर, सोन्याच्या मोबदल्यात स्वातंत्र्य विकू नये अशी ताकीद देणारा लॅटिन लेख आहे. विकू नये म्हटलंय. सोनं देऊन विकत घ्यायला कोणाची हरकत असेल? पक्के व्यापारी!

त्यांच्या जहाजांची पोच पार आपल्याकडे गोव्यापर्यंत होती. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सांव ब्रासचं चर्च आहे. सांव ब्रास म्हणजेच संत ब्लेझ, दुब्रोवनिकचा ग्रामदेव म्हणा ना. त्या चर्चचा संबंध गोव्यात आलेल्या रागुसाच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. हे आईला सांगितल्यावर तिला शहराबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. "म्हणजे ओळखीतलेच निघाले की!"

मोठ्या बोटी जुन्या गावाला लागत नाहीत. त्या लागतात तीनेक किलोमीटरवरच्या ग्रूज बंदरात. तिथून शहर बस पकडून पिले दरवाज्यापर्यंत यायचं. या बसच्या कंपनीचं नावही लिबर्टास, म्हणजे स्वातंत्र्य. बसमध्ये आम्ही सगळे बोटवाले, आणि मध्येच एक आजीबाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. आमच्या गर्दीमुळे त्यांना उतरायला दारापर्यंत पोचता येईना. कुणी धक्का दिला नाही, कुणी वाईट वागलं नाही. सगळे 'सॉरी, सॉरी' म्हणत बाजूला होत होते. पण त्यांची बस आमच्याने भरलेली होती, एवढं खरं. आणि उद्या दुसऱ्या बोटीच्या लोकांनी भरलेली असणार होती.

पिले दरवाज्यातून आत शिरलं की स्त्रादुन लागतो. हा गावाचा मुख्य रस्ता, जेमतेम तीनशे मीटर लांब. फरशी चुनखडीच्या दगडाची, आणि शतकानुशतकं पावलं घासून इतकी गुळगुळीत की ऊन पडलं की ओल्या रस्त्यासारखी चमकते. दोन्ही बाजूंची घरं एकसारखी दिसतात, कारण १६६७ सालच्या भूकंपात गावाचा बराच भाग कोसळला आणि नंतर रस्ता एका नियमाने पुन्हा बांधला. आणि या देखण्या रस्त्यावर, सकाळी साडेनऊला, आम्ही! छातीवर गटाचे स्टिकर, कानात गाइडचं यंत्र, पुढे नंबराची पाटी उंच धरून चालणारी मुलगी. आमच्यामागे दुसरी पाटी, तिच्यामागे तिसरी. तासाभरात अशी अवस्था, की पुढे बघायचं तर कुणाची तरी टोपी दिसायची.

यात नवीन काही नाही. २०११ पासून इथे 'गेम ऑफ थ्रोन्स'चं चित्रीकरण झालं आणि मालिका जगभर गाजल्यावर गर्दी अशी काही वाढली की युनेस्कोने काळजी व्यक्त केली. २०१६च्या ऑगस्टमध्ये एका दिवशी दहा हजारांवर लोकांनी तटबंदीची तिकिटं घेतली. ज्या जिन्यावरून त्या मालिकेतल्या राणीला चालवलं, तिथे आजही लोक फोटोसाठी रांग लावतात. वर असलेल्या जेसुइटांच्या चर्चमध्ये त्यातले किती जातात कोण जाणे.

आता दुसरा आकडा. भिंतीच्या आत १९९१ साली पाचेक हजार लोक राहायचे. आज दीड हजाराच्या आसपास राहतात. बाकीची घरं पाहुण्यांना भाड्याने. किराण्याच्या दुकानात फ्रिजवर चिकटवायचे मॅग्नेट. स्त्रादुनच्या बाजूच्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात, तिथे मान वर करून बघितलं की दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. चादरी, लहान मुलाची पँट. त्या कपड्यांकडे बघून मला अगदी हायसं वाटलं. अजून कुणीतरी राहतंय बाबा!

२०२३ साली शहराने पर्यटकांना आणखी एक विनंती केली, की चाकांच्या बॅगा फरशीवरून ओढू नका, उचलून न्या. रात्री-अपरात्री त्या दगडावर चाकांचा खडखडाट किती होत असेल याची कल्पना करा. ज्या भिंतींनी चार-पाच शतकं शत्रू बाहेर ठेवले, त्यांच्या आतली माणसं सुटकेसच्या चाकांनी जेरीला यावीत!

*

आपल्याकडे अतिथी देव. शब्दच असा की ज्याची तिथी ठरलेली नाही तो. मनुस्मृतीत तर एक रात्र राहणारा तो अतिथी अशी व्याख्या आहे. या हिशोबाने आम्ही क्रूझवाले कुठेच बसत नाही. आमची तिथी वर्षभर आधी ठरलेली असते, आणि आम्ही एक रात्रही राहत नाही. राहणं बोटीवर, नाश्ता बोटीवर, रात्रीचं जेवण बोटीवर, आणि सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. त्यामुळे पुष्कळजण दुपारी भूक लागली की बोटीवरच परततात. गावाच्या वाट्याला काय? एखादी कॉफी, एखादा मॅग्नेट, आणि दगडाची थोडी आणखी झीज.

आम्ही एक ठरवलं होतं. तटबंदीवर जायचं नाही. एक तर तिकीट चाळीस युरोच्या घरात, आणि मुख्य म्हणजे वर पायऱ्याच पायऱ्या. आईला शक्यच नव्हतं. बोटीवरच्या एका काकूंना हे ऐकून फार वाईट वाटलं. "अहो, मग दुब्रोवनिकला येऊन पाहिलं काय?" त्यांच्या यादीत अकरा ठिकाणं होती. आमच्या यादीत चार. त्या चारांबद्दल लिहिते, कारण एका दिवसात काय होऊ शकतं ते त्यावरून कळेल.

पहिलं, पिले दरवाज्याच्या आतलं ओनोफ्रिओचं कारंजं. सोळा बाजूंचं, घुमटाचं, प्रत्येक बाजूला दगडात कोरलेलं तोंड आणि त्यातून पाणी. १४३८ साली बांधलं. बारा किलोमीटरवरून झऱ्याचं पाणी कालव्याने गावात आणलं, आणि ते पहिल्यांदा कुठे मिळणार, तर दरवाज्यातून आत येणाऱ्याला. आईने बाटली भरून घेतली आणि कट्ट्यावर अर्धा तास बसून राहिली. तेवढ्या वेळात आमच्यासमोरून सात पाट्या गेल्या. प्रत्येक गाइडने साधारण दीड मिनिट दिलं. शेवटी-शेवटी मला पाठ झालं होतं.

दुसरं, स्पोन्झा राजवाडा. नाव राजवाडा, पण इथे पूर्वी जकात घेत. १६६७च्या भूकंपातून ही इमारत वाचली. आज तिथे शहराचं जुनं दफ्तर आहे. शेजारी, तळमजल्यावर, एक लहान खोली. भिंतींवर फोटो. १९९१-९२ साली युगोस्लाव्ह सैन्याने दुब्रोवनिकला वेढा घातला तेव्हा शहर वाचवताना मेलेल्यांचे. पुष्कळसे विशीतले. साधे, ओळखपत्रावर असतात तसे फोटो. ६ डिसेंबर १९९१ या दिवशी जुन्या गावावर सगळ्यात जास्त तोफगोळे पडले. युनेस्कोने १९७९ सालीच जागतिक वारसा म्हणून नोंदवलेलं शहर, पण गोळ्यांना त्याचं काय! जुन्या गावातल्या ८२४ इमारतींपैकी दोन तृतीयांश इमारतींना गोळे लागले. आई एकेका फोटोपुढे उभी राहून जन्मसाल वाचत होती. वाचता वाचता म्हणाली, "हे तुझ्याएवढे असते आता."

खोलीत आम्ही दोघी आणि एक म्हातारं जोडपं. बाहेर स्त्रादुनवर पाय ठेवायला जागा नव्हती.

तिसरं, जेवण. बाजाराच्या चौकात सकाळी भाजी, सुकी अंजिरं, लव्हेंडरच्या पुरचुंड्या आणि संत्र्याच्या सालीची साखरेत घोळवलेली मिठाई विकायला बायका बसतात. त्यांच्याकडून साल घेतली. मागच्या गल्लीत एका लहानशा खानावळीत ब्लित्वा नावाची भाजी खाल्ली. हिरवी पालेभाजी, उकडलेला बटाटा, लसूण आणि ऑलिव्हचं तेल. आईचा अभिप्राय: "पालकात बटाटा. मिरची घालायची राहिलीय." पण ताट चाटूनपुसून स्वच्छ. आमचं बोटीवरचं फुकट जेवण बुडालं म्हणून हळहळणाऱ्या काकूंना मी एवढंच म्हटलं, की ते फुकट नाही हो, आधीच भरलेलं आहे. तेवढं बुडलं तर बुडू दे.

चौथं ठिकाण मात्र नीट सांगायला हवं, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

*

जुन्या गावाच्या पूर्वेच्या प्लोचे दरवाज्यातून बाहेर पडलं की समुद्राला लागून दगडी, बैठ्या इमारतींची एक ओळ आहे. लाझारेती. इथे आमच्याशिवाय पाटीवालं कुणीही नव्हतं. दिसायला गोदामांसारखं. आज तिथे कार्यक्रम, प्रदर्शनं होतात. पण हे बांधलं होतं परगावाहून आलेल्या माणसांना आणि मालाला थांबवून ठेवण्यासाठी.

गोष्ट सुरू होते १३७७ मध्ये. त्याआधी तीसेक वर्षांपूर्वी प्लेगने युरोप उजाड केलेला. रोग जहाजांतून येतो हे अनुभवाने कळलं होतं. कसा येतो ते कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी गावांपुढे दोनच वाटा दिसायच्या. दार उघडं ठेवा आणि मरा, किंवा दार बंद करा आणि उपाशी मरा. कारण व्यापारावरच पोट. दुब्रोवनिकच्या मोठ्या सभेने २७ जुलै १३७७ रोजी तिसरी वाट काढली. रोगाच्या गावाहून आलेल्याने गावात शिरण्याआधी ३० दिवस जवळच्या म्रकान बेटावर किंवा त्सावतातला राहायचं. धडधाकट राहिला तर त्याने खुशाल आत यावं. पुढे इतर बंदरांनी तेच उचललं, तिसाचे चाळीस दिवस झाले, आणि इटालियन भाषेतल्या चाळीसवरून शब्द आला क्वारंटाइन. लाझारेतीच्या आजच्या इमारती नंतरच्या, सोळाव्या शतकाच्या शेवटी सुरू होऊन सतराव्या शतकात पुऱ्या झालेल्या.

हा शब्द आपल्याला २०२० पर्यंत फक्त इंग्रजीच्या पेपरात भेटायचा. मग मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात परदेशाहून आलेल्यांच्या हातावर त्याचे शिक्के बसले आणि आमच्या शेजारच्या आजोबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना तो पाठ झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ माणसांसकट अडकवून ठेवली होती, तेही आठवत असेल. साडेसहाशे वर्षांनीही उपाय तोच. थांबा.

मला या ठरावातली एक गोष्ट फार आवडते. त्यात आलेल्या माणसाचा अपमान नाही. तू वाईट आहेस म्हणून थांब, असं नाही. तू बरा असशील, बहुतेक असशीलच. पण आत माणसं राहतात, आणि तुझी घाई त्यांच्या जिवापेक्षा मोठी नाही, एवढंच.

आणि आज त्याच गावात, ज्याने जगाला पाहुण्याला दारात थांबवायला शिकवलं, आम्ही कसे येतो? तीस दिवस थांबायचं सोडा, आम्ही तीस तासही थांबत नाही. सकाळी आठला येतो, साडेचारला निघतो.

*

२०१९ साली शहराने क्रूझ कंपन्यांच्या संघटनेशी करार केला. एका वेळी फार तर दोन बोटी, आणि त्यांवर मिळून साधारण चार हजार प्रवासी. याहून जास्त नाहीत. व्हेनिसने तर २०२१ पासून मोठ्या बोटींना सान मार्कोसमोरून जायलाच मनाई केली. म्हणूनच आमची बोट व्हेनिसऐवजी ट्रिएस्टहून सुटली होती.

बोटीवर जेवताना या विषयावर चर्चा झाली. बहुतेकांचं म्हणणं, हा शहाणपणा त्यांना महागात पडेल. आमच्यामुळे यांची पोटं भरतात, आणि आम्हालाच नियम?

मला हे साफ नापसंत आहे. पैसे देणारा पाहुणा झाला म्हणून घराचं दार कधी उघडायचं ते तो ठरवत नाही. आपल्या घरी शंभर माणसं जेवायला येणार असतील तर आपण पंगती पाडतो. एक पंगत उठल्यावर दुसरी. दुसऱ्या पंगतीला बसावं लागलं म्हणून शहाणा माणूस यजमानावर रुसत नाही. आणि रुसलाच तर त्याला काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे.

रेक्टरच्या राजवाड्याची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. दुब्रोवनिकच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख म्हणजे रेक्टर. तो एकाच महिन्यासाठी निवडला जायचा, आणि त्या महिन्यात सरकारी कामाखेरीज त्याला राजवाड्याबाहेर पडायची बंदी. आत सभागृहाच्या दारावर लॅटिन लेख आहे, खासगी गोष्टी विसरून सार्वजनिक कामाकडे लक्ष द्या अशा अर्थाचा. ज्यांनी स्वतःच्या राज्यकर्त्याला महिनाभर घरात बसवलं, ते मला दोन तास ताटकळत ठेवतील यात नवल काय!

यावर खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो माझ्याच घरचा आहे. मर्यादा घातली की तिकिटं महागतात. मग ज्यांच्याकडे पैसा आणि वेळ दोन्ही आहे त्यांनाच दुब्रोवनिक. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना आयुष्यात एकदाच जमणार आहे, जे चार हजारांतले शेवटचे ठरतील, त्यांनी काय करायचं? उद्या आईसारख्याच कुणाची तरी बोट तिसरी ठरली आणि बंदर न घेता पुढे गेली तर?

याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. कुणाचं तरी राहून जाईल. पण दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघा. दार सताड उघडं ठेवलं तर दीड हजारांचे पाचशे होतील, मग शंभर, मग दोरीवर कपडेच नसतील. तेव्हा आईसारख्या हजारो जणींना जे बघायला मिळेल ते शहर नसेल, नुसता मालिकेचा सेट असेल. तो सेट हवा तितक्या लोकांना दाखवता येईल, पण त्यासाठी समुद्र ओलांडून यायची काय गरज?

मी हे आईला विचारलं. आम्ही तेव्हा रोपवेने सर्ज डोंगरावर गेलो होतो. १९६९ साली सुरू झालेला हा रोपवे १९९१च्या लढाईत मोडला आणि २०१०मध्ये पुन्हा चालू झाला. तीन-चार मिनिटांत वर. गुडघ्यांना त्रास नाही. वरून अख्खं जुनं गाव मुठीत मावेल असं दिसतं, पुढे लोकरुम बेट, मागे निळाच निळा समुद्र. आणि कौलं. काही फिकट, पिवळट, जुनी. बरीचशी तकतकीत नारिंगी. ती नवीन कौलं म्हणजे जिथे गोळे पडले ती घरं. खालून चालताना हे कळत नाही. वरून मात्र नकाशासारखं वाचता येतं.

आई बार्शीची. तिचे वडील वारी करायचे. ती म्हणाली, "आषाढीला सगळ्यांना कुठे गाभाऱ्यात जाता येतं? रांग दोन-दोन दिवसांची. अण्णा तर कितीदा कळसाला हात जोडून परत यायचे. म्हणून वारी वाया गेली असं नाही म्हणाले कधी."

मी म्हटलं, "अगं पण इथे पैसे भरलेले असतात."

"ते चालून यायचे अडीचशे किलोमीटर. ते काय फुकट होतं?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

*

माझं म्हणणं थोडक्यात असं, की क्रूझने जावं. ज्यांना दुसरं काही झेपत नाही त्यांनी तर नक्की जावं, आणि एका दिवसाची लाज वाटून घेऊ नये. एक दिवस कमी नसतो. आईला त्या एका दिवसातलं कारंज्याचं पाणी, फोटोंची खोली आणि दोन रंगांची कौलं अजून लख्ख आठवतात. पण एका दिवसाच्या पाहुण्याने थोडं पाहावं. अकरा ठिकाणांऐवजी चार. दुपारचं जेवण गावात जेवावं आणि बाजारातल्या बाईकडून काहीतरी घ्यावं. बसमध्ये भाजीची पिशवी दिसली की स्वतः उभं राहावं. आणि गावाने म्हटलं की आज पुरे, तर वाद न घालता पुढच्या बंदराला लागावं.

मावशी, तू पुढच्या उन्हाळ्यात जाणार आहेस म्हणून हे तुला मुद्दाम. बुकिंग करताना बोट बंदरात किती वाजता लागते, किती वाजता निघते ते बघून घे, आणि त्या दिवशी दुसरी कुठली मोठी बोट आहे का तेही विचार. लाझारेती चुकवू नकोस, तिथे गर्दी नसते. आणि समजा काही कारणाने बंदर मिळालंच नाही, तर डेकवर उजेडात उभी राहा. समुद्रातून ती भिंत आणि त्यामागची नारिंगी कौलं छान दिसतात म्हणे. हात जोड आणि ये परत.